प्रौढ कामगारांचे कौशल्य प्रशिक्षण (नाशिक जिल्हा)

कमी उत्पन्नाच्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांना वाढत्या उद्योगांत बऱ्या पगाराचे काम मिळावे म्हणून दिले जाणारे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. आयटीआय आणि पदविका या प्रामुख्याने शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांच्या वाटा. या नोंदीत विचार आहे तो तिशी-चाळिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसांचा. नाशिकमध्ये अशांसाठी योजनांचा तुटवडा नाही. गाडी अडते ती हजेरीपाशी. वर्गात बसलेल्या दिवशी कामावर खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि योजना आखताना नेमका हाच हिशोब राहून जातो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि सातपूर ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला. पुढे मायको (आताची बॉश), महिंद्रा, सिएट, क्रॉम्प्टन अशा कंपन्यांच्या आधाराने सातपूर आणि अंबडमध्ये सुटे भाग बनवणारी लहान-मोठी वर्कशॉपे उभी राहिली. सिन्नर, गोंदे, दिंडोरी इकडे वसाहती पसरत गेल्या. त्या पिढीत ‘मायकोत लागला’ एवढ्या दोन शब्दांवर मुलाचे लग्न ठरत असे. आता नवी भरती बहुतांशी कंत्राटदारामार्फत होते आणि शिकाऊ नसलेला माणूस हेल्पर (हाताखालचा मदतनीस) म्हणून लागतो, वर्षानुवर्षे हेल्परच राहतो. हेल्परचा ऑपरेटर (यंत्र स्वतः चालवणारा) होणे ही या प्रशिक्षणातली सर्वांत मोलाची पायरी. नव्या माणसाला गेटच्या आत नेण्यापेक्षा आत असलेल्याला वर चढवणे स्वस्त पडते, तरी योजनांचा सारा भर पहिल्या गोष्टीवरच असतो.

कामाला मागणी आहे ती सीएनसी-व्हीएमसी (धातू कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांवर, विद्युत पॅनेल आणि स्विचगिअरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या) जुळणीत, फळे-भाजीपाल्याच्या पॅकहाऊसमध्ये, शीतगृहांत, रुग्णसेवेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून सिन्नर-इगतपुरी पट्ट्यात गोदामे आणि फोर्कलिफ्ट चालवणारे यांची चर्चा वाढली आहे.

हंगाम आणि वेळ : जिल्ह्यातील गरीब प्रौढांचा मोठा भाग कारखान्यात नसून शेतमजुरीत आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या कामाला खाली उतरतात. गिरणारे येथे सकाळी भरणारा मजूर बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की वेलीच्या डोळ्यांना (कोंब फुटण्याच्या जागांना) पेस्ट लावणे, फुटवे काढणे, विरळणी, घड औषधात बुडवणे अशी कामे एकामागून एक लागतात, ती थेट खुड्यापर्यंत (काढणीपर्यंत). एप्रिलमध्ये खरड छाटणी. पावसाळा लागताच हीच माणसे आपापल्या पाड्यावर भाताच्या आवणीला (लावणीला) परत जातात. म्हणजे सलग तीन महिने मोकळे असे वर्षात सापडतच नाहीत. आर्थिक वर्ष संपण्याआधी उद्दिष्ट गाठायचे म्हणून जानेवारीत बॅच काढली, तर ती ऐन द्राक्ष हंगामात येते. मग पटावर तीस नावे आणि बाकावर अकरा माणसे, असे दृश्य दिसले तर नवल नाही. शिवाय अनेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्यांचा दिवस त्यांचा नसतो.

कारखान्यातल्या हेल्परची अडचण वेगळी. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे संध्याकाळी सहाचा वर्ग त्याला एक आठवडा जमतो, पुढच्या आठवड्यात नाही. एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी दोनदा घेणे हा साधा उपाय आहे, पण त्याला दुप्पट शिक्षक लागतो आणि मंजूर खर्चात तो बसत नाही.

वर्गातले शिक्षण : यंत्र शिकवणे तुलनेने सोपे आहे. अडखळायला होते ते मोजमापात. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने: व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर असते, मायक्रोमीटरचे ०.०१. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ आणि कमी-जास्त ०.०५ एवढी मुभा लिहिली असेल, तर २५.०४ चा भाग चालतो आणि २५.४ चा नाकारला जातो. सहावी-सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला या दोन आकड्यांतला फरक वाचता येत नाही, म्हणून तो वीस वर्षे हेल्पर राहिलेला असतो. हाताला जडत्व असते म्हणून नव्हे. जाणता प्रशिक्षक येथे पैशांचा हिशोब काढतो: पंचवीस रुपये चार पैसे वेगळे, पंचवीस रुपये चाळीस पैसे वेगळे. चाळिशीच्या माणसाला ते चटकन कळते. त्यानंतर टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट (हत्यार आणि भाग यांची जागा यंत्राला आकड्यांत सांगणे), अलार्म आल्यावर काय करायचे, हे सगळे भराभर जाते. पहिले पंधरा दिवस दशांश, कोन आणि ड्रॉइंगवरच्या खुणा यांना दिले नाहीत तर पुढचा अभ्यासक्रम वाया जातो. पण छापील अभ्यासक्रम दहावी झालेला विद्यार्थी समोर धरूनच लिहिलेला असतो.

योजना आणि त्यांच्या वयोमर्यादा : प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासोबत पूर्वकौशल्यास मान्यता देण्याची सोय आहे, म्हणजे काम आधीच येत असलेल्या गवंड्याची किंवा वेल्डरची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. ग्रामीण भागासाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना १५ ते ३५ वयाची आहे, स्त्रियांना आणि काही वंचित गटांना ४५ पर्यंत सवलत. राज्याची २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी असून विद्यावेतन शिक्षणानुसार मिळते: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. नववी नापास, छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप या शेवटच्या दोन योजनांच्या रकान्यांत बसत नाही. उलट आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, आणि वेल्डर, वायरमन यांसारख्या व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. पण सातपूरच्या आयटीआयत वर्ष-दोन वर्षे दिवसा बसायचे तर घर कोणी चालवायचे?

या बाबतीत प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेने (२०२३) योग्य धागा पकडला. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. बुडालेली मजुरी भरून देण्याचे हे तत्त्व अंबडच्या हेल्परला लागू करायला काहीच हरकत नसावी.

मालकाचा सहभाग : प्रशिक्षण संस्थेला शासनाचे पैसे हप्त्यांनी मिळतात, काही योजनांत त्यातला शेवटचा हप्ता नोकरी लागण्याशी बांधलेला असतो. नोकरी तीन महिने टिकली की ती मोजली जाते. त्यापुढे कंत्राट संपले आणि माणूस पुन्हा नाक्यावर आला तर ती कोणाच्याच खात्यावर मांडली जात नाही. निमा आणि आयमा या येथील उद्योजकांच्या संघटना कुशल माणसे मिळत नाहीत अशी तक्रार सातत्याने मांडतात. ती खोटी नाही. मात्र प्रशिक्षित ऑपरेटरला हेल्परपेक्षा किती जास्त द्यायचे हे बॅच सुरू होण्याआधी लिहून देणारा कारखानदार मिळाला, तरच माणूस खाडे पाडून शिकायला येईल.

अमेरिकेत याच विचाराचा ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ हा कार्यक्रम टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालतो. लीव्हाय स्ट्रॉसचा कपड्यांचा कारखाना १९९० मध्ये बंद पडून सुमारे हजार लोक बेकार झाल्यावर तेथील वस्ती-संघटनांनी त्याचा आग्रह धरला. आधी मालकांकडून कोणती कामे वाढणार हे विचारून घ्यायचे, मग शुल्क, प्रवास आणि मुले सांभाळण्याच्या खर्चाला हातभार लावायचा, आणि दर आठवड्याला समुपदेशकासमोर बसवायचे, अशी त्याची रीत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटाशी तुलना केली तेव्हा शिकलेल्यांच्या कमाईतला फरक अनेक वर्षांनंतरही टिकलेला आढळला. वर्ग महागडा ठरतो, हेही खरे.

स्त्रिया : सिन्नरमध्ये विड्या वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती होते. घरबसल्या, मुले सांभाळत होणारे हे काम आटत चालले आहे. या स्त्रियांची बोटे विद्युत पॅनेलच्या वायरिंगला किंवा पॅकहाऊसमधल्या प्रतवारीला फार लवकर सरावतात. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या ठिकाणी प्रतवारी आणि पॅकिंगच्या रांगांवर स्त्रियाच मोठ्या संख्येने दिसतात. वसाहतीपर्यंत जाणारी बस आणि पाळणाघर या दोन गोष्टींवर त्यांची हजेरी ठरते. अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी रात्री आठला सुटलेल्या बाईला घरी पोहोचवणारे वाहन नसेल तर सासरचे लोक दुसऱ्या आठवड्यात थांबवतात. रुग्णसेवेतही मागणी चांगली आहे, पण घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या बाईला एजन्सी किती देते आणि स्वतः किती ठेवते याची नोंद प्रशिक्षणवाले ठेवत नाहीत.

मालेगावचा प्रश्न स्वतंत्र आहे. तेथील यंत्रमाग कामगार मीटरवर किंवा आठवड्यावर मजुरी घेतो, बहुतेकांची बोली आणि शाळा उर्दू. मराठी-इंग्रजी पुस्तिका त्याच्या कामाची नाही. माग बिघडला की तो स्वतः दुरुस्त करतो, तरी मेकॅनिक म्हणून त्याच्याकडे कागद नसतो. पूर्वकौशल्याच्या मान्यतेचा खरा उपयोग येथे व्हायला हवा, आणि परीक्षा उर्दूत व्हायला हवी.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात रस्ते, घाट, जलवाहिन्या, निवासव्यवस्था यांची कामे निघाल्याने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, हॉटेल कर्मचारी यांच्या बॅचना जोर येणे स्वाभाविक आहे. कामे ठेकेदारीची असल्याने पर्वणी संपताच ती संपतील. प्लंबरला पुढेही सोसायट्यांत काम राहते. तात्पुरत्या तंबूनगरीत चादरी बदलायला शिकलेल्याला राहत नाही.