कोमुनिदाद आणि ‘फोर’: पार्श्वभूमी

कोमुनिदाद, म्हणजेच गावकरी, ही गोव्यात गावाची सामाईक जमीन सांभाळणारी मूळ कुटुंबांची संस्था. तिच्या जमिनीवरची घरे कायम करण्यासाठी २०२५ मध्ये कायदादुरुस्ती झाली. त्यावरच्या वादात दोन्ही बाजू कोमुनिदादींची जी संहिता पुढे करतात, ती पोर्तुगीज सरकारने १५ एप्रिल १९६१ रोजी काढली होती. राजवट जायला तेव्हा जेमतेम आठ महिने उरले होते. या संहितेच्या आधी १९०४ ची संहिता होती आणि सगळ्यांच्या तळाशी १६ सप्टेंबर १५२६ चा एक कागद आहे.

तो कागद तिसवाडी बेटावरच्या गावकारांच्या (गावकरीच्या सदस्यांच्या) चालीरीतींचा. खजिन्याच्या मुख्य अधिकाऱ्याने विचारपूस करून त्या लिहून घेतल्या. ओसाड बेटावर चार माणसे आली आणि त्यांनी जमीन लागवडीला आणली, अशी त्याची सुरुवात. भातकापणीचा पहिला मान ताळगावचा, तिथल्या गावकारांनी नव्या भाताची कणसे चर्चच्या वेदीपुढे आणायची, असे बारकावेही त्यात आहेत. देवळे पाडून त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले, ते १५४० नंतर.

घोळ झाला तो एका शब्दाने. गाव सरकारला जे देणे देत असे, त्याला या कागदात ‘फोर’ म्हटले आहे. पोर्तुगालच्या कायद्यात फोर म्हणजे कायमच्या पट्टेदाराने जमीनमालकाला द्यायचा खंड. (मुंबईचा फोरास रोड याच शब्दाचा वंशज.) गावकार फोर देतात, तर मालक कोण? शब्दाला धरून चालले तर राजा. पण त्याच कागदातल्या चार माणसांना जमीन कुणी पट्ट्याने दिलेली नव्हती, ती त्यांनीच कसली होती. म्हणजे देणे सरकारी सारा ठरते आणि जमीन गावाची राहते. लिहून घेणाऱ्याला हा फरक सुचला नसेल किंवा सोयीचा नसेल, परिणाम एकच.

सव्वातीनशे वर्षांनी हा वाद उकरून काढला तो सरकारच्याच नोकरांनी. सरकारी छापखान्याच्या प्रमुखाने १८५२ मध्ये गावकरीचा इतिहास छापला. १८५५ मध्ये एव्होराच्या ग्रंथालयातून एक जण गव्हर्नर जनरलचा सचिव म्हणून आला. १८५७ पासून तो दप्तरातले जुने कागद छापू लागला, त्यात १५२६ चा हाही आला. १८७० मध्ये त्याने गावकरीच्या बाजूने उघड लिहिले. माणूस सरकारचा, पुरावा सरकारच्या दप्तरातला आणि बाजू गावाची. वसाहतीच्या कारभारात असे क्वचितच घडते. तरी पुढच्या संहितांनी गावकरीला स्वतंत्र सोडले नाही. हिशेब, लिलाव, जोण (गावकाराचा नफ्यातला वाटा) वाटणे, सगळ्यावर सरकारी प्रशासकाची नजर आली.

१९६१ नंतर भारतीय कारभाराने संहिता तशीच चालू ठेवली. बदल झाला तो बाजूने, कूळ कायद्याने. तोवर दर तीन वर्षांनी शेतांचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून खाजनाचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध दुरुस्त व्हायचे. १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले, १९७६ च्या दुरुस्तीने मालकी. कसणाऱ्याला न्याय मिळाला, पण लिलाव बंद पडले आणि बांधाला भगदाड पडले की भरायचे कुणी, हा प्रश्न तेव्हापासून रेंगाळला आहे. जोणही नावापुरता उरला. हातात राहिल्या त्या डोंगरउतारावरच्या मोकळ्या जमिनी. घरांसाठीचे भूखंड त्यातूनच निघाले आणि अतिक्रमणेही तिथेच झाली.

२०२५ ची दुरुस्ती २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या घरांसाठी आहे. सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादींचे प्रशासक म्हापसा, पणजी आणि मडगावला बसतात. रीतसर भूखंड घेणारा कोमुनिदादीला आजही वर्षाला ठरावीक रक्कम देणे लागतो. संहितेत तिचे नाव फोरच आहे.