जीटीके ४.१८ आणि २०१६चा आकड्यांचा वाद

जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं, याद्या असे तयार घटक पुरवणारं टूलकिट; अ‍ॅप लिहिणारे त्यावर आपले प्रोग्राम बांधतात. मार्च २०२५मध्ये आलेल्या त्याच्या ४.१८ आवृत्तीने एक्स-११ची, म्हणजे लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेची, सोय मोडीत काढायच्या यादीत टाकली. लगेच काही बंद पडत नाही. ती प्रत्यक्ष जाणार आहे पाचव्या आवृत्तीत. तरीही या टूलकिटवर ज्यांची सॉफ्टवेअर उभी आहेत, ते विचारतात एकच: पुन्हा सगळं लिहायचं का? या धास्तीचं मूळ बरंचसं २०१६ सालात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. जिंप हा चित्रसंपादक आधी मोटिफ या बंदिस्त परवान्याच्या टूलकिटवर होता. मोटिफ टाकून जिंपच्या निर्मात्यांनी १९९६च्या सुमारास स्वतःचं टूलकिट, म्हणजे जीटीके, लिहिलं. त्याची १.० आवृत्ती १९९८ची. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती २००२ची २.०. तिच्यात यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आणि पँगो (अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी) आलं, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसू लागल्या. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या पट्टीचा जो प्रोग्राम मी सांभाळतो, तो याच पिढीतला. त्यात हमाली, तोलाई, वजनाचे रकाने सगळे मराठीत आहेत.

२०११मध्ये ३.० आली. किरकोळ सुधारित आवृत्तीत जुनं मोडू नये अशी अपेक्षा असते, पण तिसऱ्या पिढीत ती पाळली गेली नाही. ३.२०मध्ये दिसणं ठरवणाऱ्या सीएसएस नियमांची रचना बदलली आणि बाहेरच्यांनी बनवलेल्या थीम विस्कटल्या.

जून २०१६मध्ये टोरंटोला जमलेल्या विकासकांनी यावर तोडगा मांडला. दर दोन वर्षांनी नवी पिढी सुरू करायची, पण ४.० म्हणजे स्थिर जीटीके ४ नव्हे. ४.०, ४.२, ४.४ दर सहा महिन्यांनी येतील, प्रत्येकीत मोडतोड चालेल आणि ४.६च्या आसपास 'आता स्थिर' असं जाहीर होईल. विकासकांची बाजू खोटी नव्हती. जुनं कधीच मोडायचं नाही म्हटलं की नवीन काही रचता येत नाही. पण शून्याने संपणारा आकडा पाहून भरवसा ठेवायची सवय असलेल्या अ‍ॅप लिहिणाऱ्याने करायचं काय? शिवाय दोन वर्षांनी पिढी बदलणं मोठ्या चमूला परवडतं. एकट्याने, नोकरी सांभाळून एखादा प्रोग्राम जिवंत ठेवणाऱ्याला ते झेपत नाही. या बेतावर अशी टीका झाली आणि माझ्या मते ती रास्त होती. सप्टेंबरपर्यंत बेत बदलला: ३.२२वर तिसरी पिढी थांबवायची, मोडतोड ३.९०च्या मालिकेत उरकायची आणि ४.० पहिल्या दिवसापासून स्थिर ठेवायची. पुढे २०१८मध्ये ३.२४ काढावीच लागली, पण मूळ तत्त्व टिकलं.

४.० यायला डिसेंबर २०२० उजाडला. चित्रण ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. जुना मेनूबार, इतर घटक आत ठेवणाऱ्या कंटेनरचा मूळ वर्ग, संवादखिडकी उघडून उत्तराची वाट पाहणारं फंक्शन, सगळं गेलं. त्याच वेळी दुसऱ्या पिढीचा सांभाळही संपला. २०२३च्या ४.१०मध्ये ट्रीव्ह्यू, म्हणजे याद्या दाखवणारा घटक, कालबाह्य ठरला. पट्टीच्या याद्या ट्रीव्ह्यूवरच चालतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना एक्स-११पेक्षा हा घाव जास्त लागतो.

ज्याच्यासाठी हे टूलकिट जन्मलं, त्या जिंपची ३.० आवृत्तीही मार्च २०२५चीच. ती दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर आली, चौथ्या नव्हे.

चौथ्या पिढीवर आणखी एक तक्रार होती: कमी रिझोल्युशनच्या पडद्यावर अक्षर धूसर दिसतं. १३६६ बाय ७६८च्या जुन्या लॅपटॉपवर अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. ४.१६मध्ये अक्षरांच्या चित्रणाची सेटिंग आली. ती 'मॅन्युअल' केली की हिंटिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा पिक्सेलवर नीट बसवणं, आपल्या हातात राहतं. तीन पिढ्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी बसवता येतात, म्हणून स्थलांतर एकदम करायची सक्ती नाही. नवी खिडकी लिहायची असेल तर मात्र ट्रीव्ह्यूऐवजी त्याच्या नव्या पर्यायाने, कॉलमव्ह्यूनेच, सुरुवात करावी.