रिमोटच्या गाडीतला रेग्युलेटर मे महिन्यात हात का टेकतो?

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बिनतक्रार धावणारी गाडी सोलापूरच्या मे महिन्यात काही मिनिटांतच अडखळते. स्टिअरिंग सुस्तावतं, रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसिव्हरचा दिवा विझतो आणि सावलीत ठेवली की गाडी आपोआप ताळ्यावर येते. अशा वेळी बॅटरीआधी ईएससीतल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीवर, म्हणजे रिसिव्हर आणि सर्व्होला (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरला) 5 व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घ्यावा.

स्वस्त ईएससीत तो बहुधा लिनिअर, 7805 या चिपच्या जातीचा असतो. जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. आत येणाऱ्या व्होल्टमधून 5 वजा करून अँपिअरने गुणलं की वाया जाणारे वॉट मिळतात. टू-सेल लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना 8.4 व्होल्ट देते. सर्व्होने 1 अँपिअर ओढला तर 3.4 वॉट जळतात. थ्री-सेलवर (12.6 व्होल्ट) तेच 7.6 वॉट होतात, आणि सर्व्होच्या पदरात मात्र दोन्हीकडे 5 वॉटच. ईएससीच्या वेष्टनावरचे ‘2 अँपिअर’ थ्री-सेलवर मिळतील असं मुळीच धरू नये.

हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेला, टीओ-220 या प्रमाणित आकाराचा 7805 दर वॉटमागे साधारण 65 अंशांनी तापतो. चिपची मर्यादा 125 अंश. बाहेर 43 अंश असताना बंद बॉडीखाली 55 धरले, तर हातात 70 अंश उरतात. म्हणजे सलग जेमतेम 1 वॉट! त्याच्या बरंच वर गेलं की रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

खरा उपाय म्हणजे 3 अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी, म्हणजे जास्तीचे व्होल्ट जाळण्याऐवजी वेगाने चालू-बंद होऊन ते उतरवणारा वेगळा रेग्युलेटर. त्याची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर त्याच 5 वॉटसाठी 0.9 वॉटच वाया जातात. त्याच्या इनपुटच्या लाल-काळ्या तारा बॅटरीच्या तारांना जोडा, आउटपुट मल्टिमीटरने तपासा आणि मगच रिसिव्हरच्या मोकळ्या खाचेत लावा. त्याआधी ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली मधली लाल पिन सुईने काढून टेप गुंडाळा, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांवर कुरघोडी करतात. काळी तार मात्र तशीच राहू द्या. यूबीईसी अँटेनापासून लांब बसवा.

रिसिव्हरला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो क्षणभराची व्होल्टेज-घट सावरतो, उष्णतेवर त्याचा काही उपयोग नाही. गाडी थंड असतानाच, स्टिअरिंग झटक्यात वळवल्यावर रिसिव्हर विझत असेल तर लावून बघा.

आणि एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो दोन्हीकडे कुठवर वळेल याच्या ट्रान्समीटरवरच्या मर्यादा, तपासा. चाकं पूर्ण वळल्यावरही सर्व्हो घूं-घूं करत असेल, तर तो अडून सतत करंट ओढतोय. आवाज थांबेपर्यंत ट्रान्समीटरवरून एंड पॉइंट कमी करा.