जुन्या लॅपटॉपवर कुठलं विंडोज टाकायचं?

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "यात विंडोज ११ बसंल काय?" बसवायला बसवता येतं हो. पण मशीनची कुवत आणि तुमचं काम बघितल्याशिवाय आम्ही पेन ड्राइव्ह लावत नाही.

कुवत घरीच बघता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट. तिथं प्रोसेसरचं नाव असतं. आय५-७२००यू असेल तर तो ७ म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू आठवी, १०२१०यू दहावी. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, सातवीतले मोजकेच. एएमडी असेल तर लॅपटॉप घेऊन या, यादी बघून सांगू. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. त्यातली ४ जीबी रॅम कागदावर ठीक आहे. क्रोमचे चार टॅब उघडले की कळतं. आमचा सल्ला, ८ जीबी करून घ्या.

अटी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर ढीगभर आहेत, आणि चालतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवर जीएसटी भरता, बँक उघडता, त्यावर ही उठाठेव नको.

विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीचा सपोर्ट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ते बंद पडलं नाही, सुरक्षेची नेहमीची अपडेट थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. विंडोज ७ वाल्यांना काय सांगायचं? त्याचा आधार २०२० च्या जानेवारीतच संपलाय आणि क्रोम १०९ वर थांबलंय. त्यावर बँकेचा पासवर्ड टाकू नका.

तरी एका ठिकाणी जुनं विंडोज आम्ही स्वतःहून राखायला सांगतो: लग्नपत्रिका, हँडबिलं करणाऱ्यांकडं. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या मराठी फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसता इंग्रजी कचरा. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचंही तेच. असं मशीन इंटरनेटपासून तोडा, फॉन्टचं फोल्डर दोन ठिकाणी जपा आणि नवीन मजकूर दुसऱ्या मशीनवर युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, घ्या. विंडोज १० मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड आहेत. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

तिसऱ्या-चौथ्या पिढीचं मशीन, काम फक्त ब्राउझर, पत्रं आणि पोरांचं कोडिंग, असं असेल तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, ४ जीबीवर बरी चालते. विंडोज न पुसता पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, दुकानात येऊन बघा. टॅली त्यावर थेट चालत नाही. काही जुने लेझर प्रिंटरही रुसतात, म्हणून प्रिंटरचं मॉडेल सांगा.

आता खरी गोष्ट. "हँग होतोय" म्हणून येणाऱ्या लॅपटॉपचं टास्क मॅनेजर उघडलं की बहुतेक वेळा डिस्क १०० टक्के दिसते. फिरणाऱ्या डिस्कवर कुठलंही विंडोज टाका, रडगाणं तेच. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी डिस्क बसते, फोटो तिथंच राहतात.

बॅटरी गेली असेल तर घरी मोठं अपडेट लावू नका. पावसाळ्यात खानापूरकडं लाईटचा भरवसा नाही, आणि बायोसचं (मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेट मध्येच तुटलं तर बोर्डावरच बेततं.

क्रॅक विंडोज टाकून देत नाही. विंडोज ८ पासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांची की (विंडोजच्या परवान्याचा क्रमांक) बायोसमध्येच असते, ती आम्ही काढून बघतो. विंडोज ७ ची की लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर असते, स्टिकर खरवडू नका. येताना चार्जर आणि ईमेलचा पासवर्ड आणा. डेस्कटॉपवरच्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, त्यांचा बॅकअप हवा असेल तर फॉरमॅटच्या आधी सांगा.