दारूचं व्यसन आणि डिप्रेशन: एकाच घरात दोन्ही का दिसतात, याच्या शोधाची पार्श्वभूमी

वडील दारूच्या व्यसनात, काकाही त्याच वाटेवर, आणि मुलगी किंवा आत्या वर्षानुवर्षं डिप्रेशनच्या गोळ्यांवर. मानसोपचार ओपीडीत अशी कुटुंबं नेहमी भेटतात. दोन्ही आजारांचं मूळ एकच आहे का, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याची सुरुवातीची उत्तरं मात्र चुकीची होती आणि माणसांच्या जिवावर उठली.

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ बेनेदिक्त मोरेल यांनी १८५७ मध्ये असं मांडलं की दारूसारख्या विषांमुळे एका पिढीची प्रकृती बिघडते आणि तो बिघाड पुढच्या पिढ्यांत निरनिराळ्या मनोविकारांच्या रूपाने वाढत जातो. पुरावा नसतानाही ही कल्पना टिकली. जुलै १९३३ मध्ये नाझी जर्मनीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातल्या ‘आनुवंशिक’ आजारांच्या यादीत उन्माद-अवसाद (आजचा बायपोलर आजार) होता आणि तीव्र मद्यासक्तीसाठीही त्यात तरतूद होती. या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. व्यसनाच्या संदर्भात ‘रक्तातच आहे’ हे वाक्य सहज उच्चारणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यायला हवा.

आधुनिक काळात हा प्रश्न नेमकेपणाने विचारला तो अमेरिकेतल्या जॉर्ज विनोकूर यांनी. डिप्रेशनच्या रुग्णांचे नातेवाईक तपासताना त्यांना आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की तरुण वयात डिप्रेशन सुरू झालेल्या स्त्रियांच्या घरात पुरुषांमध्ये दारूचं व्यसन जास्त आहे. १९७१ च्या सुमारास त्यांनी यातून एक तर्क मांडला. आनुवंशिक कल एकच असतो, तो पुरुषांत व्यसन म्हणून बाहेर येतो आणि स्त्रियांत डिप्रेशन म्हणून. तर्क आकर्षक होता, पण त्यात एक मोठी फट होती. पिणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलीला त्याची जनुकंही मिळतात आणि त्या घरातली मारहाण, उधारी, भीतीही मिळते. नुसत्या कुटुंबांच्या अभ्यासातून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

त्या वेगळ्या करायच्या तर दत्तक मुलं पाहावी लागतात. कोपनहेगनमध्ये दत्तकविधानांच्या पद्धतशीर नोंदी होत्या. डोनाल्ड गुडविन यांनी त्यांतून जन्मानंतर पहिल्या सहा आठवड्यांतच आईवडिलांपासून वेगळे झालेले मुलगे निवडले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जन्मदात्यांपैकी एकाला मद्यासक्ती असलेल्या ५५ मुलग्यांपैकी १० जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, व्यसन लागलं होतं. तुलनेच्या ७८ जणांत हा आकडा ४, म्हणजे ५ टक्के होता. संख्या लहान आहेत आणि त्यांच्यावर पुढे गरजेपेक्षा मोठे इमले बांधले गेले, असं आमचं मत आहे. तरी दिशा बरोबर निघाली.

आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा आहे तो गुडविन यांच्याच गटाचा १९७७ मधला मुलींचा अभ्यास. पिणाऱ्या पालकांच्या पण दत्तक गेलेल्या मुलींत डिप्रेशनचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जास्त नव्हतं. पिणाऱ्या पालकांच्याच घरात वाढलेल्या मुलींत ते जास्त होतं. विनोकूर यांच्या तर्काला हा थेट धक्का होता, कारण इथे जनुकांपेक्षा घर बोलत होतं. घरातल्या बायकोच्या बाबतीत तर हे उघडच आहे. नवऱ्याशी तिचं रक्ताचं नातं नसतं, त्यामुळे त्याच्या पिण्यामुळे तिला आलेलं डिप्रेशन ‘सामायिक जनुकां’च्या खात्यावर टाकता येत नाही. कुटुंबाचा इतिहास लिहिताना ही गल्लत आजही सर्रास होते.

मधला मार्ग जुळ्यांच्या अभ्यासातून निघाला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी असतात, दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांची सरासरी निम्मी. एका बहिणीला व्यसन असेल तर दुसरीला डिप्रेशन असण्याची शक्यता एकसारख्या जोड्यांत जास्त भरली, तर सामायिक आनुवंशिकतेचा अंदाज बांधता येतो. केनेथ केंडलर यांच्या गटाने व्हर्जिनियातल्या १,०३० स्त्री-जुळ्यांच्या जोड्या तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष दिला: दोन्ही आजारांतला आनुवंशिक सहसंबंध (दोन्हींमागची आनुवंशिक कारणं किती जुळतात याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.४ ते ०.६. हा आकडा नीट वाचायला हवा. ०.५ चा वर्ग ०.२५ होतो, म्हणजे दोन्हींच्या आनुवंशिक धोक्यापैकी साधारण पाव भागच सामायिक आहे. उरलेला ज्याचा त्याचा वेगळा.

नेमकं जनुक कोणतं, याचा शोध मात्र बराच काळ चकवत राहिला. अमेरिकेत १९८९ मध्ये ‘कोगा’ हा मोठा कौटुंबिक प्रकल्प सुरू झाला. उपचार केंद्रांत आलेल्या रुग्णांपासून सुरुवात करून अनेक सदस्य व्यसनग्रस्त असलेली कुटुंबं त्यात घेतली गेली. जॉन नर्नबर्गर यांच्या गटाने २००१ मध्ये त्यातून एक लक्षवेधी निष्कर्ष दिला. व्यसन ‘किंवा’ डिप्रेशन, यांपैकी काहीही असलेल्याला ग्रस्त मोजलं की गुणसूत्र १ वरच्या एका भागाचा संबंध ठळक दिसत होता. लॉड गुणांक, म्हणजे असा संबंध खरा असल्याच्या पुराव्याचं माप, पहिल्या गटात ५.१२ आला (३ म्हणजे संबंधाच्या बाजूने हजारास एक, हा रूढ निकष), पण पडताळणीच्या गटात तो १.५२ वर घसरला. अशा कौटुंबिक शोधातून फार तर गुणसूत्राचा एक मोठा पट्टा हाती लागतो, ज्यात शेकडो जनुकं असू शकतात.

त्याच सुमारास एकेकट्या जनुकांचे दावे गाजत होते. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहीचं (ते पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक १९९० मध्ये ‘दारूचं जनुक’ म्हणून मथळ्यांत आलं. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या वाहकाच्या जनुकाला २००३ नंतर डिप्रेशनसाठी तसाच मान मिळाला. दोन्ही दावे पडताळणीत टिकले नाहीत. २०१९ मध्ये डिप्रेशनची अशी १८ नावाजलेली जनुकं मोठ्या नमुन्यांत तपासली गेली तेव्हा ती इतर कोणत्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. कारण साधं होतं: नमुने शेकड्यांत होते आणि प्रत्येक जनुकाचा खरा परिणाम अत्यंत बारीक.

संपूर्ण जनुकसंच चाळणारे अभ्यास आल्यावर चित्र पालटलं. २०१८ मध्ये मद्यासक्तीच्या १४,९०४ रुग्णांच्या विश्लेषणात डिप्रेशनशी आनुवंशिक सहसंबंध ०.५६ आला. जुळ्यांवरून बांधलेला अंदाज इथे थेट डीएनएवरून जुळला. त्याच अभ्यासात ठळकपणे पुढे आलं ते एडीएच१बी, म्हणजे यकृतात अल्कोहोल मोडणाऱ्या विकराचं जनुक. मनःस्थितीशी त्याचा थेट संबंध नाही. व्यसनाच्या वेगळ्या मुळाचं हे चांगलं उदाहरण.

पुढच्याच वर्षी अमेरिकी माजी सैनिकांच्या २,७४,४२४ जणांच्या अभ्यासात आणखी एक धागा सुटा झाला. ‘किती पितो’ आणि ‘पिण्यावरचा ताबा सुटला आहे का’ या दोन गोष्टी आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या निघाल्या. डिप्रेशनशी नातं जडलेलं होतं ते दुसरीचं. म्हणून पेगची संख्या मोजून घरातला धोका ओळखू पाहणं अपुरं ठरतं.

आणखी एक जुना घोटाळा निदानाच्या वेळेचा. ब्राउन आणि शकिट यांनी १९८८ मध्ये मद्यासक्तीच्या उपचारासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची पाहणी केली. पहिल्या आठवड्यात ४२ टक्क्यांमध्ये डिप्रेशनची ठळक लक्षणं होती, चौथ्या आठवड्यात फक्त ६ टक्क्यांमध्ये. दारू स्वतःच डिप्रेशन घडवते आणि थांबली की बहुतेकांत ते ओसरतं. जुन्या कौटुंबिक अभ्यासांत ही दोन डिप्रेशनं एकत्र मोजली गेल्याने सामायिक मूळ फुगवून दिसण्याची जागा होती. नंतरच्या अभ्यासांनी डिप्रेशन पिण्याच्या आधी सुरू झालं की पिण्याच्या काळात, हे वेगळं नोंदवायला सुरुवात केली. मात्र आत्महत्येचे विचार असतील तर चार आठवडे वाट पाहायची नसते, उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रमाची अवस्थाही.

या साऱ्या आकड्यांमागचे नमुने मुख्यतः युरोपीय वंशाचे आहेत. त्यांवरून काढलेले ‘जनुकीय धोक्याचे गुण’ (अनेक जनुकांचे बारीक परिणाम एकत्र करून काढलेला आकडा) मराठी कुटुंबाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्यामुळे खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून अशी चाचणी करून घेण्यात आज अर्थ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेत अनेक सदस्य आजारी असलेल्या भारतीय कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, त्यात व्यसनही आहे. उपचारांच्या बाजूने गोव्यातल्या संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन समुपदेशन पद्धती तपासल्या, एक डिप्रेशनसाठी आणि एक अति पिणाऱ्या पुरुषांसाठी. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी त्या दिल्या आणि २०१७ मध्ये दोन्हींचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले.

सध्या सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तीन पिढ्यांचा कागदावरचा वंशवृक्ष. आईकडचे आणि वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक वेगळे लिहावेत, लग्नाने आलेले वेगळ्या खुणेने. ‘दारू प्यायचे का’ यावर उत्तर बहुधा ‘थोडीफार’ असंच येतं. त्याऐवजी नोकरी गेली का, कावीळ झाली का, सकाळी हात थरथरायचे का, हे विचारावं. स्त्रियांच्या बाबतीत ‘डिप्रेशन’ हा शब्द घरात कुणी वापरलेलाच नसतो. बाळंतपणानंतर महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली, अंगात येतं म्हणून देवाला नेलेली, विहिरीत ‘पाय घसरून’ गेलेली, अशा नोंदींपाशी थांबून पुन्हा विचारावं. प्रत्येक नावापुढे आजार सुरू झाला तेव्हाचं वय लिहावं, आणि पिण्याआधी की पिण्यानंतर, हेही.