दोरीतील ताण (जोडलेल्या वस्तुमानांच्या संदर्भात)

दोरीच्या कोणत्याही छेदापाशी तिचा एक भाग दुसऱ्याला ज्या बलाने ओढतो, ते बल. एकक न्यूटन. दोरी फक्त ओढते, ढकलत नाही. सैल पडली की ताण शून्य.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी नंदी दोरीने ओढत नेतात. (दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते.) पुढे ६ किग्रॅ.चा, त्याच्या मागे ३ किग्रॅ.चा नंदी बांधून दोरी आडवी धरली आणि १८ न्यूटन बलाने ओढली, तर घर्षण वगळता दोघांचा वेग दर सेकंदाला २ मी./से. वाढतो. हातातल्या दोरीत ताण १८ न्यूटन, मधल्या दोरीत मात्र ६. तिच्यावर एकट्या मागच्या नंदीचा भार आहे. नंदींची अदलाबदल केल्यास त्वरण तेच राहते, मधला ताण १२ होतो.

कप्पीवरून टांगलेल्या वस्तुमानांत ‘ताण म्हणजे टांगलेले वजन’ ही चूक हमखास होते. २ व ३ किग्रॅ. वस्तुमाने हलक्या, घर्षणरहित कप्पीवर सोडली, तर गुरुत्वत्वरण ९.८ धरून (नागपूरच्या अक्षांशावर ते ९.७९ च्या आसपास आहे) ताण २३.५ न्यूटन येतो, म्हणजे १९.६ व २९.४ या दोन वजनांच्या मधला. कप्पीच्या हुकावरही ४९ (दोन्ही वजनांची बेरीज) नव्हे, ४७ न्यूटन भार पडतो. कप्पी फिरू न देता अडवली आणि दोरी तिच्यावरून घसरली नाही, की तो पुन्हा ४९ होतो.

या मांडणीचे उपकरण ‘ॲटवुड यंत्र’ म्हणून ओळखले जाते. त्याचा काळ सहसा १७८४ दिला जातो; ते केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांच्या ग्रंथाचे वर्ष होय. तथापि मागेलान (दर्यावर्दी नव्हे, अठराव्या शतकातील पोर्तुगीज विद्वान) यांनी इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांना उद्देशून लिहिलेल्या फ्रेंच पत्रात त्याचे वर्णन १७८० मध्येच लंडनला छापले होते. तेव्हा यंत्र निदान त्या वर्षापूर्वीचे, बहुधा १७७० च्या दशकाच्या अखेरचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुख्य चाकाचा आस, घर्षण कमी व्हावे म्हणून, चार घर्षणचाकांवर टेकवलेला असे. उद्देश ताण मोजण्याचा नव्हताच. पतन मंद करून ते लंबकाच्या ठोक्यांवर मोजता यावे, एवढाच होता.

कप्पीला वस्तुमान असल्यास, तिच्या फिरण्याचा वेग बदलत असताना तिच्या दोन्ही बाजूंचे ताण वेगळे होतात. जड दोरी टांगली तर ताण वरच्या टोकाशी सर्वाधिक असतो.