मधमाशीचा डंख आणि आत्याचे गुडघे

आत्याच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलंय: सकाळी उपाशीपोटी एक चमचा मध, अर्धा चमचा दालचिनीची पूड. खाली कंसात 'कोपनहेगन विद्यापीठ'. तिला हे फॅमिली ग्रुपवरून मिळालं. तुम्हालाही मिळालं असेल, कारण हा मजकूर व्हॉट्सअॅप जन्माला यायच्या आधीपासून ईमेलमधून फिरतोय. त्यातली आकडेवारी मोठी भारदस्त आहे. २०० सांधेदुखीवाल्यांना हे मिश्रण दिलं, आठवड्यात ७३ जणांच्या वेदना गेल्या, आणि महिन्याभरात ज्यांना चालता येत नव्हतं तेही चालायला लागले.

या मजकुराच्या तळाशी बहुतेक वेळा मूळ स्रोतही दिलेला असतो: 'वीकली वर्ल्ड न्यूज', १७ जानेवारी १९९५. कॅनडातलं मासिक, असंही लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं साप्ताहिक होतं. सुपरमार्केटात बिल भरायच्या रांगेत टाइमपास म्हणून विकलं जाणारं. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गुहेत अर्धं वटवाघूळ आणि अर्धं माणूस असलेलं पोर सापडल्याची बातमी १९९२ साली छापली ती याच साप्ताहिकाने. आपला मध-दालचिनीचा उपाय त्या पोराचा सख्खा भाऊ आहे.

पण समजा, ती चाचणी खरंच झाली होती. तरी २००पैकी ७३ म्हणजे साधारण ३६ टक्के. हे मिश्रण न घेता, मधासारख्या चवीचं नुसतं पाणी घेऊन किती जणांना बरं वाटलं असतं? हा आकडा शेजारी नसेल तर ७३ला काही अर्थ नाही. गुडघ्यांच्या आणि इतर सांध्यांच्या झिजेवरच्या १९८ चाचण्या एकत्र तपासणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की खोटं औषध घेणाऱ्यांच्या वेदना चांगल्यापैकी कमी होतात, आणि काहीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ होत नाहीत. खोटं औषध सुईतून दिलं तर हा परिणाम आणखी वाढतो. ही सुईची गोष्ट लक्षात ठेवा, मधमाशीपाशी आल्यावर ती लागणार आहे.

मला या फॉरवर्डचा खरा राग येतो तो 'सांधेदुखी' या एका शब्दामुळे. जणू तो एकच आजार आहे. आत्याला आहे ती गुडघ्यांची झीज. तिच्या भाषेत 'वंगण संपलं'. शेजारच्या काकूंना आमवात आहे, ज्याला डॉक्टर आरए म्हणतात. तिथे शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. काकांचा अंगठा रात्री अचानक लाल होऊन ठणकतो तो गाउट, युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचल्यामुळे. आणि २००६ साली चिकुनगुन्याची साथ आली, देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले, तेव्हा महाराष्ट्रात गावंच्या गावं वाकून चालत होती. त्यातल्या बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुटले. त्या काळात जो जो काढा, तेल, चूर्ण घेतलं गेलं, त्या सगळ्याला श्रेय मिळालं.

गाउटच्या बाबतीत तर मध उलटाच पडू शकतो. मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) असतं, आणि फ्रुक्टोजचं यकृतात विघटन होताना युरिक अॅसिड तयार होतं. अमेरिकेतल्या ४६ हजारांवर पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात जास्त फ्रुक्टोज घेणाऱ्यांना गाउटचा धोका जास्त दिसला. एका चमच्याने आकाश कोसळत नाही, हेही खरं. पण 'सांधे दुखतात ना, मग मध वाढव' हा सल्ला काकांच्या अंगठ्याला देऊ नये.

आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांना मी एक गंमत दाखवतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मधाचे गुण सांगताना पहिलाच शब्द येतो 'वातलं'. म्हणजे वात वाढवणारं. पुढे 'रूक्षं'ही आहे. आणि आपण ज्याला संधिवात म्हणतो त्याच्या नावातच वात बसलाय. वैद्य मध देतात तो बऱ्याचदा योगवाही म्हणून, सोबतच्या औषधाचा गुण वाहून नेणारा म्हणून. तोच ग्रंथ गरम केलेला मध वर्ज्य सांगतो, आणि फॉरवर्डच्या दुसऱ्या एका पाठात तोच मध गरम पाण्यातून दोन वेळा घ्यायला सांगितलाय. म्हणजे हा उपाय कोपनहेगनचाही नाही आणि चरकाचाही नाही.

मधाची बदनामी करायची नाहीये. जखमेवर मध खरोखर काम करतो. त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के असल्याने जंतूंच्या अंगातलं पाणी शोषलं जातं, तो आम्लधर्मी असतो, आणि मधमाशीने त्यात सोडलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. खोकल्यावरही उपयोग होतो. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर चाचणी झाली, त्यात झोपायच्या आधी चमचाभर मध घेतलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना त्या रात्री बरी झोप लागली. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, बोट्युलिझम या जीवघेण्या जिवाणू-विषबाधेची भीती असते.) पण जखम आणि घसा या दोन्ही ठिकाणी मध प्रत्यक्ष पोचतो. गिळलेला मध गुडघ्यापर्यंत मध म्हणून जात नाही, साखर म्हणून जातो.

आता विष. इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण मधमाशीच्या विषात खरोखर औषधी ताकदीची रसायनं आहेत.

फिलिप टेर्च नावाचा डॉक्टर मारिबोरमध्ये वैद्यकी करायचा. आज हे गाव स्लोव्हेनियात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. १८८८ साली त्याने व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला: मधमाशीचा डंख आणि संधिवात यांच्यातल्या विलक्षण नात्याविषयी. ३० मार्च हा त्याचा जन्मदिवस, मधमाशी-उपचारवाले तो जागतिक दिन म्हणून पाळतात. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत व्हरमाँटच्या चार्ल्स मराझ या मधपाळाने स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर माश्या चावून घेतल्या, त्याला बरं वाटलं, आणि मग उरलेलं आयुष्य त्याने याच ध्यासात घालवलं.

एका डंखातून साधारण ०.१ मिलिग्रॅम विष अंगात जातं. ते वाळवलं तर जवळपास निम्मं भरतं मेलिटिन, २६ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ही साखळी पेशीच्या आवरणाला भोकं पाडते. जोडीला फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर असतं, ते त्याच आवरणाची चरबी कापतं. आणि त्या कापाकापीतून जे तयार होतं त्यापासून शरीर दाह वाढवणारी रसायनं बनवतं. म्हणजे हे विष पहिल्या झटक्यात सूज आणतंच, डंख बसलेल्या कुणालाही विचारा. मग सूज उतरते कशी?

याची तीन-चार उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांना छेद देत नाहीत. १९७२ साली कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात विष टोचल्यावर रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलं. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. १९७३ साली विषातल्या २२ अमिनो आम्लांच्या आणखी एका साखळीत दाह कमी करण्याचा गुण सापडला. हीच साखळी अगदी थोड्या प्रमाणात असली तर पेशींमधून हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन बाहेर काढते, मात्रा बदलली की वागणं बदलतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये मेलिटिनने दाहाचं मुख्य बटण दाबणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अडवलेलं दिसलं. आणि चौथं उत्तर आपल्या आजीला ठाऊक होतं. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा लावायचा, किंवा डाग द्यायचा. एका जागी जोरदार वेदना दिली की मज्जारज्जूतून वर जाणारी दुसरी वेदना दबते. १९७९ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये या यंत्रणेचा पद्धतशीर मागोवा घेतला. बिब्ब्याच्या फोडांचे व्रण आजही खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्या गुडघ्यांवर दिसतात, तेव्हा 'उपयोग झाला' म्हणणाऱ्याला खोटं पाडायचं कारण नाही. किंमत काय मोजली, एवढंच विचारायचं.

माणसांवरच्या चाचण्यांचं काय? आमवातावर डंखाच्या अॅक्युपंक्चरचा, म्हणजे अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर मधमाशीचं विष देण्याचा, एक आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३०४ शोधनिबंध चाळून अभ्यासकांना निकषांत बसणारी चाचणी मिळाली फक्त एक. तिच्यात वेदना आणि सूज कमी झाली, सकाळचा ताठरपणा नाही. दक्षिण कोरियात शुद्ध केलेल्या विषाचं इंजेक्शन २००३पासून झिजेच्या सांधेदुखीवर अधिकृतपणे मिळतं. त्याच इंजेक्शनची अमेरिकेत ५००हून जास्त गुडघेदुखीवाल्यांवर चाचणी झाली, निकाल २०१९ साली आले, आणि विष घेतलेल्यांच्या वेदना तुलनेने जास्त कमी झाल्या. या चाचणीची मला आवडलेली गोष्ट अशी की दुसऱ्या गटाला नुसतं सलाइन नाही, हिस्टामिन टोचलं होतं. म्हणजे आग दोघांनाही. सलाइन दिलं असतं तर विष कुणाला मिळालं हे पहिल्याच सुईला कळलं असतं, आणि सुईवरचा विश्वास वेदना किती कमी करतो ते आपण वर पाहिलंच. विषाला पूर्ण नाकारता येत नाही, ते या चाचणीमुळे. पण ते विष शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं आणि डॉक्टरांसमोर दिलेलं होतं. कुपीत चिमट्याने धरून आणलेली जिवंत माशी ही वेगळी गोष्ट आहे.

ती किती वेगळी, हे माद्रिदमधल्या एका ५५ वर्षांच्या बाईंच्या प्रकरणात दिसलं. स्नायूंचा ताण आणि मनाचा शीण घालवायला त्या दर चार आठवड्यांनी जिवंत माशीचा डंख घेत होत्या, दोन वर्षं, काहीही त्रास न होता. एका खेपेला डंख बसताच श्वास घरघरू लागला आणि शुद्ध हरपली. रुग्णवाहिका अर्ध्या तासाने पोचली. काही आठवड्यांनी त्या रुग्णालयात वारल्या. डॉक्टरांनी २०१८ साली हे प्रकरण प्रसिद्ध केलं. 'मला आधी चावलीय, काही झालं नव्हतं' या वाक्याचा म्हणूनच भरवसा नाही. अॅलर्जी आधीच्या डंखांतूनच तयार होते.

सांधेदुखीवाल्यांसाठी यात एक जादा खाच आहे. ही माणसं बहुधा साठीच्या पुढची, आणि त्यातल्या अनेकांच्या डब्यात रक्तदाबाची अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही गोळी असते. ही औषधं बीटा-ब्लॉकर गटातली. अंगभर अॅलर्जीचा झटका आला तर जीव वाचवणारं पहिलं इंजेक्शन अॅड्रेनलिनचं, आणि या गोळ्या नेमका त्याचाच परिणाम बोथट करतात.

विष घातलेली मलमं मात्र बहुतांशी निरुपद्रवी, आणि त्याच कारणाने बहुतांशी निरुपयोगी असणार. धडधाकट कातडीतून ढोबळमानाने ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू आत शिरतात. मेलिटिनचं वजन २८००च्या वर.

'मधपाळांना संधिवात होत नाही' हेही ऐकायला मिळतं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला, ज्याला २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या हाताळणाऱ्यांना डंख नवे नाहीत. पण ज्याला डंखाची अॅलर्जी आहे तो हा धंदा सोडतो, आणि ज्याचे गुडघे गेले तो सह्याद्रीच्या चढावर पेट्या उचलत नाही. जे उरले त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो, बघा किती काटक.

सगळ्यात मोठं नुकसान मध किंवा डंख करत नाही, त्यांच्यात गेलेले महिने करतात. शेजारच्या काकूंच्या बाबतीत तेच झालं. आमवातात हाडं झिजायला पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरुवात होऊ शकते, आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं त्या काळात सुरू झाली तर बोटं वाकडी होणं बरंचसं टळतं. काकूंनी वर्षभर मध-दालचिनी घेतली, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून लेप लावले. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत, दोन्ही हातांचे सारखेच सांधे सुजतात, ही लक्षणं त्या वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या. डॉक्टर सोडून.

आत्याचं सोपं आहे. तिची झीज आहे, आणि झिजेवर काय लागू पडतं ते कंटाळवाणं पण पक्कं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, गरज पडली तर डायक्लोफिनॅकचं जेल. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मध बंद करू का?" मी म्हटलं, नको, पण पोळीवर घे, आणि साखरेतून वजा कर. तिने कागद काढला नाही. खाली पेनाने 'खुर्चीत बसून पाय सरळ, दहा वेळा' एवढं लिहिलं, आणि कोपनहेगनवर काट मारली.